सपोर्ट बंद करा, पण चावी ठेवून जा

प्रति,
माननीय श्री. प्रल्हाद जोशी,
केंद्रीय ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण मंत्री,
नवी दिल्ली



पुण्याहून निघालेला महामार्ग कोल्हापूर ओलांडून माझ्या निपाणीला येतो. पुढे बेळगाव, आपले धारवाड-हुबळी, मग दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर, आणि बंगळुरात शिरता शिरता लागते ती पीण्या औद्योगिक वसाहत. आयटीआय करून १९९८ साली मी याच रस्त्याने एका ट्रकच्या केबिनमध्ये बसून इथे आलो आणि इथलाच झालो. रोजचे बोलणे कन्नडात, बिले इंग्रजीत. पण तक्रार मांडायची तर माणसाला आईची भाषा लागते, म्हणून हे पत्र मराठीत. आपल्या धारवाडात ती वाचणारे अजून पुष्कळ आहेत.

दुसऱ्या फेजमध्ये माझा एक गाळा आहे. दोन व्हीएमसी (प्रोग्रामवर चालणारी कटाईची मशीन), एक लेथ, एक सरफेस ग्राइंडर, चार माणसे आणि पाचवा मी. डाय-मोल्डचे, म्हणजे साच्यांचे, जॉबवर्क करतो. दोन व्हीएमसींपैकी जुनी अंगाने भक्कम आहे. तिचे बेड, तिचे स्पिंडल अजून मिलिमीटरच्या दोन शतांशात काम देते. कमी आहे ती स्मरणशक्ती. मोल्डच्या फिनिशिंगचा प्रोग्राम काही लाख ओळींचा असतो आणि तो तिच्या कंट्रोलच्या मेमरीत मावत नाही. म्हणून शेजारी एक संगणक ठेवावा लागतो. तो केबलमधून प्रोग्राम थोडा थोडा पाजत राहतो आणि मशीन पीत पीत कापत जाते. आम्ही याला ड्रिप फीड म्हणतो. दवाखान्यातले सलाईन डोळ्यांपुढे आणा, म्हणजे समजेल.

हा संगणक २००८ साली जुळवलेला. विंडोज एक्सपी, दोन हार्ड डिस्क, मागे नऊ पिनांचा सिरियल पोर्ट आणि त्याशेजारी लांबट पॅरलल पोर्ट. पॅरलल पोर्टात एक हिरवी डबी खोचलेली असते, तिला डाँगल म्हणतात. डबी असेल तरच प्रोग्राम बनवण्याचे कॅम सॉफ्टवेअर उघडते. आजच्या पोरांना ही सगळी मांडणी बघून हसू येते. पण ही मांडणी सतरा वर्षे चालली, आणि तिच्यावर माझ्या दोन्ही मुलांची कॉलेजे झाली.

यंदाच्या जूनमध्ये एका रविवारी दिवसभर वीज बंद होती. सोमवारी सकाळी संगणक लावला, तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ: एनटीएलडीआर इज मिसिंग.

एनटीएलडीआर ही एक्सपीला जागे करणारी फाईल. ती सापडत नाही म्हणजे डिस्क गेली, असा माझा समज झाला. ओळखीच्या दुकानातून एका तरुण मुलाला बोलावले. त्याने उभ्या उभ्या पाहिले आणि खिशातून पेनड्राइव्ह काढला. ‘हळेदु तेगदु होसदु हाकोण, सार्.’ जुने काढून नवे टाकू. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही, कारण ‘मार फॉरमॅट’ हे शब्द माझ्याच तोंडून गेले. दुपारी दोनपर्यंत जुन्या पेटीत विंडोज १० सुरू झाले. धीमे, पण झाले. मुलगा पैसे घेऊन गेला.

मग एकेक वस्तू हरवलेली दिसू लागली.

पहिली हरवली हायपरटर्मिनल. सिरियल पोर्टातून प्रोग्राम पाठवायला आमच्यासारखे गाळे ती वापरत. एक्सपीत ती आपोआप यायची. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून ती काढून टाकली गेली, आणि आम्हाला कळले यंदा. दुसरी गोष्ट, कॅम सॉफ्टवेअर बसवताना तक्रार आली की डॉटनेट ३.५ नाही. ते विंडोज १० मध्ये असते, पण झोपलेले. ‘विंडोज फीचर्स’च्या यादीत जाऊन खूण करावी लागते आणि उरलेले इंटरनेटवरून उतरवावे लागते. तिसरी, सॉफ्टवेअरची मदतपुस्तिका. तिच्या फाईली जुन्या एचएलपी जातीच्या, आणि त्या वाचणारा प्रोग्राम विंडोज १० ला मिळतच नाही. चौथी गोष्ट सगळ्यात वाईट: हिरवी डबी ओळखलीच गेली नाही. मुलाने ६४ बिटचे विंडोज टाकले होते. त्याला प्रमाणित सही असलेलेच ड्रायव्हर चालतात, आणि आमच्या डबीचा ड्रायव्हर २००६ चा, ३२ बिटचा, बिनसहीचा. म्हणजे संगणक सुरू होता, पण मशीनच्या दृष्टीने तो मेलेलाच होता.

दोन दिवस फुकट गेल्यावर मी एसपी रोड गाठला. बंगळुराबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: सदर पत्रप्पा रस्ता म्हणजे संगणकाच्या सुट्या भागांची आमची पेठ, आणि तिथे नव्याइतकेच जुनेही मिळते. एका बोळात जुन्या मदरबोर्डांच्या ढिगामागे बसणारे एक म्हातारे अण्णा आहेत. ते आले, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘घड्याळ किती दाखवते?’

बायॉसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ मांडणीच्या पडद्यावर, जाऊन पाहिले तर तारीख १ जानेवारी २००८. अण्णांनी पेटी उघडली, स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने मदरबोर्डवरचा सेल उचकटला, मीटर लावला आणि तो माझ्या तळहातावर ठेवला. सीआर २०३२, तीन व्होल्टचा, आता दोनाच्या थोडाच वर. संगणकाची वीज बंद असते तेव्हा घड्याळ आणि बायॉसची मांडणी हा सेल जपतो. रविवारी वीज गेली, सेलने मान टाकली, बायॉस मूळपदावर आला. मूळपदावर आल्यावर कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे हा क्रमही पुसला गेला, आणि संगणक पहिल्या डिस्कऐवजी दुसऱ्या डिस्कचे दार ठोठावू लागला. दुसऱ्या डिस्कवर नुसते प्रोग्राम साठवलेले. तिथे एनटीएलडीआर कुठून असणार? फाईल हरवली नव्हतीच. ती शेजारच्या डिस्कवर धडधाकट होती, आणि तिच्यावर आम्ही नांगर फिरवला होता.

मंत्रिमहोदय, तीसएक रुपयांचा सेल. हे वाक्य मी त्या दिवसापासून इतक्या वेळा म्हटले आहे की घरात आता कुणी ऐकत नाही.

इथपर्यंतचा दोष माझा. यापुढचे मात्र आपल्या खात्याचे आहे.

अण्णांनी एक्सपी परत टाकायला घेतली. बिलाच्या फाईलमध्ये सीडी निघाली. कॅबिनेटवरच्या स्टिकरातली पंचवीस अक्षरे कूलंटच्या शिंतोड्यांनी पुसली होती, पण बायकोने स्टिकरची झेरॉक्स काढून ठेवली होती. इन्स्टॉलेशन सुरू झाले आणि निळा पडदा आला, चुकीच्या कोडच्या शेवटी ७बी. अण्णा हसले. बायॉसने मूळपदावर जाताना डिस्कची पद्धत एएचसीआय केली होती आणि एक्सपीच्या सीडीत त्या पद्धतीचा ड्रायव्हरच नसतो. ती आयडीई केली, निळा पडदा गेला. मग कंट्रोलच्या पॅरामीटर पानावरून वेग आणि स्टॉप बिट वाचून घेतले आणि तेच संगणकावर टाकले: ४८०० बॉड, सात बिट, इव्हन पॅरिटी, दोन स्टॉप बिट. हँडशेक ‘एक्सऑन-एक्सऑफ’. हे शेवटचे चुकले तर मशीन ‘थांब, तोंड भरलंय’ म्हणते, संगणकाला ऐकू येत नाही, तो पाजतच राहतो, मधल्या ओळी सांडतात आणि कटर कुठे जाईल सांगता येत नाही. (कंट्रोलच्या आतही अशीच एक बॅटरी असते. वाचकांत कुणी मशीनवाले असतील तर ती मशीन चालू ठेवूनच बदला. बंद करून बदललीत तर पॅरामीटर जातील आणि तुमचेही पत्र लिहून होईल.)

आता खरी गोष्ट. आमची सीडी एक्सपी सर्व्हिस पॅक २ ची. पुढची दुरुस्ती, म्हणजे सर्व्हिस पॅक ३, इंटरनेटवरून घ्यावी म्हटले, तर अपडेटचे दारच बंद. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. सुमारे साडेबारा वर्षे कुणी सांभाळले तर आभारच मानायला हवेत. पण ऑगस्ट २०२० मध्ये जुन्या पद्धतीच्या सह्या असलेले डाउनलोड अधिकृत पानावरून उतरवले गेले. सह्यांची ती पद्धत कमकुवत झाली होती हे मला मान्य आहे. तरी परिणाम असा, की ज्याने पैसे मोजून वस्तू घेतली त्याला तिची तयार होऊन पडलेली दुरुस्तीही मूळ ठिकाणी सापडत नाही. आम्हाला सर्व्हिस पॅक ३ मिळाला तो अण्णांच्या ड्रॉवरमधल्या, एका जुन्या संगणक मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवर. पीण्याचे उत्पादन त्या ड्रॉवरवर अवलंबून असावे का?

आणि कॅम सॉफ्टवेअर. ते बसले, हिरवी डबी ओळखली गेली, मी हात जोडले. उघडून पाहतो तर मेनूत ‘सरफेस फिनिशिंग’ हे बटण करडे. दाबले तर दाबले जात नाही. आठवण अशी की ही सोय आम्ही २०११ मध्ये वेगळे पैसे भरून घेतली होती. तिची लायसन्स फाईल ईमेलने आली होती आणि ती होती फॉरमॅट केलेल्या डिस्कवर. विक्रेत्याला फोन केला. डबीचा नंबर दिला, बिलाची प्रत पाठवली. उत्तर आले: ती आवृत्ती आता बंद आहे, तिचे लायसन्स काढून देता येत नाही, नवी आवृत्ती घ्या. नव्या आवृत्तीची किंमत माझ्या जुन्या व्हीएमसीच्या आजच्या बाजारभावापेक्षा जास्त आहे. पुन्हा विचारले, जुनी फाईल तुमच्या सर्व्हरवर असेलच ना? उत्तर आले नाही.

ही वसाहत कशी उभी राहिली ते आपण जाणताच. एचएमटी १९५३ मध्ये स्थापन झाली आणि तिचा पहिला कारखाना शेजारच्या जालहळ्ळीत उभा राहिला. केंद्र सरकारची मशीन टूल संशोधन संस्था, सीएमटीआय, तुमकूर रोडवरच. मशीन बनवणारे मोठे कारखाने आमच्याच गल्ल्यांत. त्या सगळ्यांच्या हाताखाली तयार झालेल्या कारागिरांनी पीण्याचे हजारो गाळे थाटले. माझ्या गाळ्यातली लेथ एचएमटीची आहे, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिचा गिअर तुटला तर मी तुटका दात घेऊन दोन गल्ल्या ओलांडतो. एक जण हॉबिंग करून देतो, दुसरा हीट ट्रीटमेंट करतो, तिसरा ग्राइंडिंग. परवा संध्याकाळी तुटलेला गिअर आज दुपारी चालू. बनवणाऱ्या कंपनीची परवानगी कुणी मागत नाही आणि कंपनीलाही त्याचे काही वाटत नाही. पोलादाची कोणतीही वस्तू पीण्यात बनते. बनत नाही ती एक छोटीशी फाईल. ती बनवण्याची अक्कल इथे नाही असे नव्हे. ती बनवणे गुन्हा ठरू शकतो, म्हणून.

आणखी एक शेजार सांगतो. इस्रोचे यानांशी संपर्क ठेवणारे केंद्र, इस्ट्रॅक, आमच्या पीण्यातच आहे. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरले तेव्हा टाळ्या वाजवणारी जी माणसे सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिली, ती तिथे बसली होती. त्या संध्याकाळी आम्ही मशीन थांबवून मोबाईलला चिकटलो होतो. चांद्रयान-२ चे ऑर्बिटर २०१९ पासून चंद्राभोवती फिरते आहे आणि त्याला आज्ञा जातात त्या इथूनच. चंद्राभोवतीच्या संगणकाशी आमच्या वसाहतीतून बोलता येते, कारण त्याची सगळी कागदपत्रे बोलणाऱ्याच्या हातात आहेत. माझ्या हातात बिल आहे आणि डबी आहे.

मला कल्पना आहे की आपल्या खात्याने या दिशेने पावले टाकली आहेत. जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचे पोर्टल सुरू झाले. क्षेत्रे घेतली चार: शेतीची अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे, वाहने. दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाच्या समितीचा अहवालही मे २०२५ मध्ये आपल्या खात्याला मिळाला, तोही मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्सपुरता. ट्रॅक्टर आहे, मिक्सर आहे, मोटारसायकल आहे. या सगळ्यांचे सुटे भाग ज्या मोल्डमधून निघतात ते कापणारे मशीन मात्र कुठेच नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारी कामासाठी वस्तू घेणाऱ्याला ‘ग्राहका’च्या व्याख्येतून वगळतो, आणि लगेच म्हणतो की स्वतः राबून पोट भरण्यासाठीच वापरलेली वस्तू व्यापारी धरायची नाही. मी स्वतः मशीनवर उभा राहतो. मला चार माणसेही आहेत. मी ग्राहक की व्यापारी, हे ठरवायला मला आयोगापुढे उभे राहावे लागेल, आणि तेवढ्या वेळात माझ्या जॉबची तारीख उलटून जाईल. मोठ्या कारखान्यांकडे सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट असते. घरच्या वस्तूंना आपले पोर्टल आहे. मधला गाळेवाला कुणाचाच नाही.

कुणी म्हणेल, जुने कशाला धरून बसता? एक्सपी धोक्याची आहे. खरे आहे. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, तेव्हा सपोर्ट संपून तीन वर्षे झालेल्या एक्सपीसाठीही घाईने दुरुस्ती काढावी लागली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याच्याच एका प्रकाराने कंत्राटावर चिप बनवणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या, तैवानमधल्या कंपनीची मशीन थांबवली, आणि तिथले विंडोज तर ७ होते. म्हणून माझ्या संगणकाला नेटवर्कची केबल लावत नाही, एकच पेनड्राइव्ह ठरवून ठेवला आहे आणि तो आधी दुसरीकडे तपासतो. जीएसटी आणि मेल यांसाठी ऑफिसात वेगळा नवा संगणक आहे. बदल मलाही कळतो. पण व्हीएमसी काही मोबाईल नव्हे. ती वीस-पंचवीस वर्षे काम देण्यासाठी ओतलेली असते, आणि तिच्या गळ्यात बांधलेले सॉफ्टवेअर आठ-दहा वर्षांत म्हातारे होते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० हे सुरक्षेचे हार्डवेअर लागते. ते माझ्या पेटीत नाही, आणि २०१५ च्या सुमारास मशीनबरोबर आलेल्या पुष्कळ पेट्यांतही नाही. म्हणजे आज जे माझ्या गाळ्यात घडले ते तीन-चार वर्षांत चौथ्या फेजमध्ये घडेल, आपल्या हुबळीच्या तारिहाळला घडेल, बेळगावच्या उद्यमबागेत आणि कोल्हापूरच्या शिरोलीत घडेल.

मी कायमचा सपोर्ट मागत नाही. कुणी जन्मभर बांधील राहावे असे नाही. घर सोडून जाणारा माणूस चावी शेजारी ठेवून जातो, एवढेच मागतो. उत्पादनाचे मशीन आणि त्याबरोबर विकलेले सॉफ्टवेअर दुरुस्तीच्या हक्काचे पाचवे क्षेत्र करा. आवृत्ती बंद करणाऱ्या कंपनीने शेवटची इन्स्टॉलेशन फाईल, ड्रायव्हर आणि आधीच विकलेली लायसन्से परत काढून देण्याची सोय एखाद्या सरकारी संस्थेत जमा करावी. सीएमटीआय आहेच, माझ्या गाळ्यापासून रिक्षाच्या अंतरावर. बिल दाखवावे, फाईल न्यावी. आणि सॉफ्टवेअर किती वर्षे सांभाळले जाणार ते विकतानाच छापलेले असावे, औषधाच्या पाकिटावर तारीख असते तसे. ब्रिटनमध्ये नेटला जोडल्या जाणाऱ्या ग्राहकोपयोगी वस्तूंसाठी २९ एप्रिल २०२४ पासून सुरक्षा अपडेटची मुदत जाहीर करावीच लागते. युरोपच्या नव्या सायबर कायद्यात सांभाळण्याची मुदत साधारण किमान पाच वर्षे धरली आहे. आपल्याकडे दुधाच्या पिशवीवर तारीख असते आणि लाखो रुपयांच्या सॉफ्टवेअरवर नसते.

आपण धारवाडला जाताना विमान सोडून कधी रस्त्याने निघालात तर पीण्याला थांबा. मेट्रोच्या ‘पीण्या इंडस्ट्री’ स्थानकाखाली कुणालाही दुसरी फेज विचारा. चहा समोरच्या टपरीचा चांगला असतो. करडे बटण प्रत्यक्ष दाखवीन.

आपला,
दुसऱ्या फेजमधला एक जॉबवर्कवाला

ता. क. : नवा सेल घातला आहे आणि त्यावर खडूने तारीख लिहिली आहे. अण्णांनी डिस्कच्या दोन हुबेहूब प्रती करून दिल्या. एक गाळ्यातल्या कपाटात आहे, एक घरी. जुनी व्हीएमसी सध्या रफिंग, म्हणजे ओबडधोबड कटाईच, करते. फिनिशिंगसाठी जॉब चौथ्या फेजमध्ये दुसऱ्याच्या मशीनवर पाठवतो, तासाचे भाडे भरून.